राजदूतचं जू

जुगाड दिसला की माझं डोकं सणकते, हे आधीच सांगून ठेवतो. पेट्रोलच्या नळीले सुतळी गुंडाळलेली, साखळीत बांधायच्या तारेची कडी, हेडलाइटच्या जागी ट्रॅक्टरचा दिवा, असं काही पाह्यलं की ज्यानं ते केलं त्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार करतो. माझी बायको रेणू गॅरेजातल्या पार्टच्या काउंटरवर बसते. ती म्हणते, "तुमी गाडी खोलता का भांडण खोलता?"

सडक अर्जुनीत हायवे सोडून आत वळलं की माझं गॅरेज. ओमेश बिसेन नाव, पण नावानं विचाराल तर कोणी सांगणार नाही, राजदूतवाला विचारा. चालत्या गाड्यांचं काम मी घेतच नाही. मी आणतो मेलेल्या गाड्या. धानाच्या तणसाच्या ढिगाखाली दहा वर्ष दबलेली येझदी, सीटवर कोंबडी अंडे घालते अशी बुलेट. गावोगाव फिरून अशा गाड्या हुडकाच्या, हा माझा नाद. त्याची एक रीत आहे. मालकाच्या अंगणात गेलं की गाडीकडं पाहाचं नाही. धान कसं झालं ते विचाराचं, पाणी प्याचं, म्हशीचं कौतुक कराचं, अन् उठता उठता म्हणाचं, "हे लोखंड काऊन ठेवलं गा इथं?" मग मालक स्वतःच गाडीचा इतिहास सांगत बसते. नजर पहिलेच गाडीकडं गेली तर तो माणूस गाडी मरेपर्यंत सोडत नाही.

गाडी आणली की तिले उभी करून मी पंधरा दिवस नुसता तिच्याभोवती फिरतो. काय ठेवाचं, काय फेकाचं, रंग खरवडाचा का जुनाच राहू द्याचा. पण पंधरा दिवस फिरून माझा निकाल एकच निघे: कंपनीतून निघाली तशी. एक नट इकडचा तिकडं नाही. नागपूर, रायपूरचे शौकीन लोक माझ्याकडं येतात ते याच्यासाठीच.

हा माझा ताठा एका माणसानं उतरवला. माझ्या पाहण्यातला सगळ्यात हुशार मेकॅनिक तो, अन् गॅरेजात त्यानं जन्मात काम केलं नाही. त्यानं बैलाचे खांदे पाह्यले.

मागच्या मार्चमधली गोष्ट आहे. संघदीप मेश्राम नावाचा, गोंदियाले रेल्वेत नोकरीवर असलेला माणूस टेम्पोत राजदूत मोटरसायकल टाकून घेऊन आला. टाकी गंजलेली, सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, चाकाच्या आऱ्यात शेणाच्या वाळल्या खपल्या.

"जय भीम, ओमेशभाऊ. बाबाची गाडी आहे. सात वर्ष झाली, गोठ्यात उभी होती."

"बाबा म्हणजे?"

"सेवकराम मेश्राम. ढोराच्या दवाखान्यात होते."

मी हातातला पाना खाली ठेवला. डॉक्टरसाहेब! नोकरीत ते ड्रेसर, जखमा धुवाचं अन् पट्ट्या बांधाचं काम, पण आमच्या तालुक्यातल्या कोणत्याबी गावात विचारा, डॉक्टर म्हटलं की तेच. गाय अडली, बैलाचा खांदा सुजला, की माणूस धावत जाये अन् डॉक्टरसाहेब राजदूतवर येत. मी त्याइले कधी पाह्यलं नव्हतं, पण माझ्या बापाच्या तोंडून नाव ऐकत मोठा झालो होतो.

संघदीप म्हणाला, "चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. गाडी बंद पडली तेव्हापासून कुठंबी जाचं तर कोणाच्या तरी मागं बसून जातात. मागं बसले की असे बसतात, पोत्यासारखे. बोलत नाहीत. मले एवढंच पाह्यजे, बाबांनी इथून स्वतः गाडी चालवत घरी जावं. आमचं गाव सात किलोमीटर आहे. बस. नुसती चालू करून द्या."

"नुसती चालू काऊन? नवी करून देतो!" मी म्हटलं.

आता एक गोष्ट, जी मले तेव्हा माहीत नव्हती. डॉक्टरसाहेबांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. संघदीपनं सांगतलं नाही. लपवलं असं नाही. त्यांच्या घरात बाबांचा पाय हा विषयच नाही. ज्या माणसानं एकतीस वर्ष जंगलाच्या रस्त्यानं राजदूत हाणली, त्याचा पाय अधू आहे हे पोराच्या तोंडी येईनच कसं? अन् मी तर विचारणारातला नव्हतोच. मले लोखंड दिसते, माणूस दिसत नाही, असं रेणू म्हणते ते खोटं नाही.

गाडी खोलाले घेतली अन् पहिल्याच दिवशी माझं डोकं सणकलं. मागच्या ब्रेकचं पायडल कापून टाकलेलं! सळईच्या जागी केबल ओढलेली. ती केबल टाकीखालून हेडलाइटपाशी आणलेली, अन् तिथं बोटभर लांब एक काळी लोखंडी पट्टी लोंबत होती. पट्टीले तीन भोकं. एका टोकाले पुढच्या ब्रेकची केबल, दुसऱ्या टोकाले मागच्याची, अन् मधातल्या भोकातून उजव्या हाताच्या लिव्हरची. त्यातबी मधातलं भोक मधात नव्हतंच, एका अंगाले सरकलेलं.

"अबे, धड मधात भोक पाडता येत नाही अन् निघाला गाडी सुधराले!" मी एकटाच ओरडलो. रेणूनं काउंटरवरून मान वर केली अन् परत खाली घातली.

गाडी मले सांगून राहिली होती बरं, अगदी ओरडून सांगून राहिली होती. डाव्या पायठाण्याचं रबर झिजून लोखंड निघालं होतं, उजव्याचं रबर कोरं करकरीत. उजव्या पायठाण्याले चामड्याचा पट्टा शिवलेला, पाऊल अडकवाले. मी तो पट्टा कापला अन् फेकला. पट्टी फेकली, केबल फेकली. सगळं भंगाराच्या डब्यात. ओरिजनल पायडलसाठी रायपूरपर्यंत गेलो, दोन फेऱ्या केल्या, अन् सापडलं तेव्हा देव भेटल्यासारखा नाचलो.

एप्रिलच्या शेवटी गाडी तयार झाली. काय सांगू! काळा रंग असा की तोंड पाहून भांग पाडावा. सायलेन्सर चकचकीत, टाकीवरची सोनेरी रेघ मी हातानं ओढलेली. तिच्यावर माशी बसली तरी मी फडक्यानं हाकलत होतो.

संघदीप वडलांना त्याच्या मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आला. उंच, हडकुळे, पांढरा शर्ट, हातात काठी. या वयात काठी असतेच, मी मनात आणलं नाही. डॉक्टरसाहेब गाडीपाशी आले अन् उभेच राह्यले. टाकीवरून हात फिरवला. मग डाव्या अंगानं, मोठ्या सरावानं, गाडीवर बसले. उजवा हात लिव्हरवर गेला. लिव्हर दाबली. मग वाकून हेडलाइटखाली पाह्यलं.

"इथं एक पट्टी होती, बाबू."

"ते भंगार होतं, साहेब!" मी छाती फुगवून म्हटलं. "कोण्या गाढवानं लावलं होतं कोण जाणे. पायडलबी कापलं होतं हरामखोरानं. आता पाहा, कंपनीतून निघाली तशी आहे."

संघदीपचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलणार होता, डॉक्टरसाहेबांनी त्याच्याकडं नुसतं पाह्यलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "छान केलीस. लय छान केलीस. अशी तर ती घेतली तेव्हाबी नव्हती."

अन् ते उतरले.

"संघदीप, तू चालव. मी मागं बसतो. तुझी गाडी उद्या घेऊन जाशील."

मी उभाच. मले वाटलं, म्हातारा माणूस, हिंमत होत नसेल. संघदीपनं राजदूत चालू केली, ते मागं बसले, गाडी गेली. मी हात हलवत होतो, मूर्खासारखा.

रेणू बाहेर आली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुमी त्यांचा उजवा पाय पाह्यला का?"

"काऊन?"

"मागं बसले तं हातानं उचलून ठेवला त्यांनी. पँट धरून. पायात जीव नाही त्यांच्या."

मी तिथंच टायरवर बसलो. डोळ्यापुढं एकेक गोष्ट येऊन राहिली: कोरं रबर, चामड्याचा पट्टा, कापलेलं पायडल, हातानं लागणारा मागचा ब्रेक. पायडल दाबाले ज्याच्याजवळ पायच नाही, त्यानं दोन्ही ब्रेक एका हातात आणले होते. राजदूतच काऊन घेतली तेबी समजलं. किक डावीकडं, गेर डावीकडं. अन् मी त्याच्या तोंडावर त्याले गाढव म्हटलं, हरामखोर म्हटलं, अन् चकचकीत गाडी देऊन त्याले परत पोत्यासारखं मागं बसवलं. थू माझ्या जिंदगीवर!

भंगारवाला मनिराम याच्याकडं पळत गेलो. "अबे, माझ्या डब्यातलं सामान?"

"ते कवाच गेलं, भाऊ. ट्रकात."

दुसऱ्या दिवशी संघदीप आपली गाडी न्यायाले आला तेव्हा त्याले म्हटलं, राजदूत परत आण. तो म्हणाला, चूक माझीबी आहे, मी सांगाले पाह्यजे होतं. मी म्हटलं, चूक कोणाची ते नंतर पाहू, गाडी आण.

मग मी ती पट्टी परत बनवाले बसलो. आठवत होतंच सगळं, शिव्या देताना चांगलं निरखून पाह्यलं होतं. स्टीलची जाड पट्टी कापली, घासून आरसा केली, मोजून-मापून तीन भोकं पाडली. मधातलं बरोब्बर मधात. मी काही त्या गाढवासारखा नव्हतो ना! केबल जोडल्या, उजवा पाय दुपट्ट्यानं पायठाण्याले बांधला, म्हणजे विसरून खाली टेकला जाऊ नये, अन् निघालो कालव्याच्या मुरमाच्या रस्त्यानं. वळणावर लिव्हर दाबली. पुढच्या चाकानं अशी घट्ट पकड घेतली की चाक मुरमावरून सटकलं, अन् मी पाय बांधलेल्या बकऱ्यासारखा आडवा. कोपर सोललं, गुडघा सोलला. धानाच्या बांधावरची एक बाई हसून हसून खाली बसली.

तीन दिवस वेगवेगळ्या केबल लावून पाह्यल्या, ढिल्या केल्या, आवळल्या. कधी पुढचा ब्रेक जास्त, कधी मागचा लागतच नाही. चौथ्या दिवशी रेणू म्हणाली, "ज्यानं बनवलं त्याले विचाराले का शरम वाटते?"

वाटत होती. तरी गेलो.

डॉक्टरसाहेब अंगणात खाटेवर बसले होते. त्यांची बायको अन्नपूर्णाकाकू मोहफुलं वाळवून राहिल्या होत्या. मी जाऊन सरळ पाय धरले. त्यांनी झटकन पाय मागं घेतला, डावा.

"हे कायले? उठ. आमच्यात पाय धरत नाहीत. बस इथं."

"साहेब, तुमी त्या दिवशी बोलले काऊन नाही? मले दोन शिव्या द्याच्या होत्या."

"तुझं तोंड पाह्यलं ना मी," ते म्हणाले. "लेकरू झाल्यासारखा खुश होतास. अन् दुसरं म्हणजे, माझ्या पायाचं रडगाणं मी जन्मात कोणापाशी गायलं नाही. तुझ्या गॅरेजात काऊन गाऊ?"

काकू मोहफुलं पसरवता पसरवता म्हणाल्या, "त्या दिवसापासून धड जेवला नाही हा माणूस. तुले सांगणार नाही तो, मी सांगते."

मी खिशातून माझी चकचकीत पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. सोललेलं कोपर दाखवलं. त्यांनी पट्टी उलटीपालटी केली, अन् पहिल्यांदाच हसले.

"भोक मधात पाडलंस."

"हो."

"कास्तकाराचा पोरगा ना तू? दोन बैल कधी सारखे पाह्यले का?"

"नाही. एक तगडा, एक कमजोर. असतेच."

"मग नांगराले जुंपताना बापानं काय शिकवलं?"

"तगड्याच्या अंगाले जू आखूड ठेवाचं, कमजोराच्या अंगाले लांब. म्हणजे तगडा जास्त ओढते अन् कमजोर..." मी बोलता बोलता थांबलो.

"बोल ना. गाडीचा तगडा बैल कोणता? मुरमावर, चिखलावर भरवसा कोणत्या चाकाचा?"

"मागच्या."

"झालं तं मग."

मी त्या पट्टीकडं पाहत राह्यलो. जू होतं ते! बोटभर लोखंडाचं जू, दोन ब्रेक जुंपलेलं. एक बैल पुढं गेला की जू तिरपं होऊन दुसरा आपोआप ताणते, तशा दोन्ही केबल आपसात ताण वाटून घेत होत्या. अन् ते मागच्या केबलकडं सरकलेलं भोक, ज्याले मी हसलो, तेच सगळं कसब होतं. आता मोठमोठ्या कंपन्या एका लिव्हरनं दोन्ही ब्रेक लागतात म्हणून जाहिराती करतात. या माणसानं ते चाळीस वर्षांपूर्वी वखराच्या पाशीचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, तुकडा घासून केलं होतं, कोणाले न विचारता. मी त्याइले तसं बोलूनबी दाखवलं.

"एका दमात नाही जमलं," ते म्हणाले. "चौथी पट्टी होती ती. पहिल्या तीन वेळा तुझ्यासारखाच पडलो. दिवसभर बैलाचे सुजलेले खांदे धुवाचो. कोणाचा बैल कोण्या अंगानं जास्त सुजला हे पाहून मी सांगे, तुझं जू चुकलं. एक दिवस पट्टी बांधता बांधता ध्यानात आलं, अबे, चुकलं तं माझंबी जूच आहे."

"अन् मी हळद लावून लावून थकली," काकू म्हणाल्या. "पडला तरी सांगे नाही. शर्टाची बाही फाटली की समजाचं."

"किती सरकवाचं भोक?"

त्यांनी खाटेखालून खडूचा तुकडा काढला, पट्टीवर रेघ मारली. थोडा विचार केला अन् ती पुसून जराशी मधाच्या अंगाले मारली. "आता माझं वजन कमी झालं, मागच्या चाकावर तेवढा भार नाही," ते म्हणाले.

गॅरेजात येऊन मी नवी पट्टी केली. घासून आरसा नाही केली. वखराची पास आणली, तिचाच तुकडा कापला. चामड्याचा पट्टा शिवून घेतला. मग राह्यलं रायपूरहून आणलेलं ते पायडल. ते ठेवलं तर निर्जीव पाय त्याच्यावर पडून ब्रेक घासत राहणार. खुर्ची घेऊन मी त्याच्यापुढं अर्धा तास बसलो. असं ओरिजनल पायडल आता कोणाले मिळत नाही. माझ्यासारख्या माणसाले ते कापाले सांगणं म्हणजे पोटच्या पोराचं बोट कापाले सांगणं. रेणूनं ग्राइंडर आणून हातात दिला. कापलं. ठिणग्या उडाल्या अन् एक मिनिटात काम झालं. मुरमाच्या रस्त्यावर पाय बांधून तीसदा ब्रेक मारला. गाडी दरवेळी शहाण्या जोडीसारखी उभी राह्यली.

पुढच्या रविवारी सकाळी डॉक्टरसाहेब आले. संघदीपच्या मागं बसून, पोत्यासारखे. मी फडक्यानं सीट पुसली अन् बाजूले झालो. ते बसले. वाकून हेडलाइटखाली पाह्यलं, पट्टीले बोटानं टिचकी मारली. हातानं उजवा पाय उचलून पट्ट्यात अडकवला. काठी दोरीनं गाडीच्या अंगाले बांधली. मग डाव्या पायानं किक मारली, एक, दोन, अन् राजदूतनं निळा धूर सोडला.

"बाबा, मी मागून येतो," संघदीप म्हणाला.

"कोणी मागं येणार नाही. खबरदार!"

गेर पडला. गाडी फाटकातून निघाली, रस्त्यापाशी थांबली. लिव्हर दाबली असेल. दोन्ही चाकं एकदमच थांबली, डावा पाय टेकला, डावीकडं पाह्यलं, उजवीकडं पाह्यलं. अन् गेले. पाठ ताठ. पांढरा शर्ट वाऱ्यानं फुगलेला. मी जन्मात एवढ्या गाड्या उभ्या केल्या, पण कोणाले चालवताना पाहून डोळ्यात पाणी आलं ते त्याच दिवशी, अन् मी ते पुसलंबी नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. सात किलोमीटरले किती वेळ लागते? संघदीप घड्याळ पाहून राहिला होता, मी रस्ता. अर्धा तास झाला. दीड तास झाला. "पडले तर नाही ना?" असं तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो अन् स्वतःच गाडीची चाबी शोधाले लागलो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अन्नपूर्णाकाकू. त्यानं स्पीकर लावला.

"आई! बाबा?"

"आला ना तुझा बाप! कवाचाच आला. येता येता तीन गावं हिंडून आला. अर्धं गाव गोळा झालं अंगणात. कोणी वासरू घेऊन आलं दाखवाले, ते गाडीवर बसूनच तपासलं. उतर म्हटलं तं उतरत नाही गा हा माणूस! आता म्हणते, भूक लागली, ताट इथंच आण, टाकीवर ठेव. एवढा चांगला रंग दिला ओमेशनं, ताटाचे ओरखडे पडतीन ना त्याच्यावर! आहे का तो तिथं? विचार त्याले, का करू?"

संघदीपनं माझ्यापुढं फोन धरला.

"वाढा, काकू," मी म्हटलं.